पावलांचा हिशेब

चालणे आणि मोजणे ह्या दोन क्रियांचा संबंध फार जुना आहे. अंतर मोजण्यासाठी माणसाने जे पहिले साधन वापरले ते त्याचे स्वतःचे शरीर होय. बोट, मूठ, वीत, हात, वाव आणि पाऊल ही मापे कोणत्याही राजाज्ञेची वाट न पाहता प्रचारात आली. आपल्या मराठी जीवनात तर पावलांची गणती विधीतही आहे आणि आरोग्यातही आहे. विवाहात सप्तपदी असते. तिथे सात म्हणजे सातच, सहा पावलांनी विवाह पूर्ण होत नाही. जेवणानंतर शतपावली असते. तिथे मात्र शंभर म्हणजे शंभर असे कोणी धरून बसत नाही. अंगणात चार फेऱ्या झाल्या की शतपावली झाली. म्हणजे पावले केव्हा काटेकोर मोजायची आणि केव्हा अदमासाने सोडून द्यायची ह्याचा विवेक आपल्या भाषेने फार पूर्वीच केलेला आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच विवेक आहे. कारण गेल्या काही वर्षांत पावले मोजण्याचे काम आपण मनगटावरील एका लहानशा यंत्राकडे सोपविले आहे, आणि त्या यंत्राचा आकडा किती खरा मानावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ राहिलेला नाही.

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा रस्ता गुरुग्राम ओलांडून अरवलीच्या पायथ्याशी जेथे येतो तेथे मानेसर आहे. पूर्वीचे खेडे आता मोटारींच्या व सुट्या भागांच्या कारखान्यांनी वेढलेले औद्योगिक नगर झाले आहे. येथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ पुढे अहमदाबाद, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर ही गावे घेत चेन्नईपर्यंत पोहोचतो. त्यामुळे येथे राहणाऱ्या मराठी माणसाला घराकडची वाट दाराशीच असल्यासारखे वाटते. ह्याच मानेसरमध्ये वाहनांची चाचणी करणारे केंद्र सरकारचे एक मोठे केंद्र आहे. पुण्यात १९६६ पासून असलेल्या अशाच संस्थेचे ते धाकटे भावंड म्हणता येईल. वाहनाच्या चाकाने किती अंतर कापले व किती वेगाने कापले हे दाखविणारी उपकरणे खरे बोलतात की नाही, ह्याची परीक्षा अशा केंद्रांत होते. टॅक्सीच्या मीटरला वैधमापन खात्याची तपासणी व शिक्का लागतो. पण त्याच रस्त्याच्या कडेने पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या मनगटावर पावले मोजणारे जे घड्याळ असते, त्याला असा शिक्का लागत नाही. चाकाच्या फेऱ्यांविषयी आपण इतके दक्ष आणि पावलांविषयी इतके उदार का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पावलांनी भूमी मोजण्याची परंपरा जगभर आढळते. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर पावले मोजून अंतरे नोंदविणारे खास लोक होते. त्यांपैकी बायटन आणि डायोग्नेटस ही नावे इतिहासाने जपून ठेवली आहेत. रोमन मैल हा शब्दच सहस्र ह्या अर्थाच्या शब्दापासून आला असून, तो मैल एक हजार दुहेरी पावलांचा होता. परंतु साम्राज्याला केवळ पावलांवर विसंबून चालत नाही. म्हणून व्हिट्रुव्हियस ह्या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे की, तिचे चाक ठराविक फेरे फिरले म्हणजे मैल संपल्याची खूण म्हणून एक खडा भांड्यात पडावा. पावलाकडून चाकाकडे झालेला हा प्रवास अर्थपूर्ण आहे. चाकाचा परीघ सकाळी व संध्याकाळी सारखाच असतो. पावलाचे तसे नाही.

आपल्याकडील कोस हा शब्द संस्कृत 'क्रोश' ह्यापासून आला. क्रोश म्हणजे हाक. जेथवर हाक ऐकू जाते तेवढे अंतर, अशी त्यामागची मूळ कल्पना दिसते. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त निरनिराळ्या प्रांतांतील कोसांची जी माहिती दिली आहे ती मोठी मनोरंजक आहे. गुजरातेत गाईचे हंबरणे जेथवर ऐकू येते तेथवर कोस धरीत. बंगालकडे वेगाने धावणारा माणूस एका दमात जेवढे अंतर काटील त्यास कोस म्हणत. आणि काहींच्या मते हिरवे पान डोक्यावर ठेवून चालू लागावे व ते वाळेल तेथे कोस संपला असे समजावे. ह्या व्याख्यांना हसण्याचे कारण नाही. वाटसरूला त्यातून जे हवे ते कळत असे. परंतु ज्याला सैन्याचा मुक्काम ठरवायचा आहे, डाकेच्या हरकाऱ्याला मजुरी द्यायची आहे, त्याचे समाधान वाळलेल्या पानाने होणार नाही. अकबराने पाच हजार गजांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरहून थोडा अधिक असा कोस ठरविला आणि प्रवासात रोजचे अंतर बांबूच्या काठ्यांनी मोजून घेण्याची व्यवस्था केली. त्या मोजणीवर तपासनीस नेमलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १६१९ मध्ये जहांगीराने आग्रा ते लाहोर मार्गावर कोसाकोसाला मनोरे उभारण्याची आज्ञा दिली. त्या काळचे कोसमिनार हरियाणात अजून जागोजागी उभे आहेत. एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे.

महाराष्ट्रातही हेच घडले. शिवकाळी अण्णाजी दत्तो ह्यांच्या देखरेखीखाली जी जमीनमोजणी झाली तिची काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद एवढ्या जमिनीचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. नावे अजून शरीराचीच आहेत, हात आणि मूठ. पण तो हात आता कोणा एकाचा राहिला नाही. तो काठीत उतरला आणि सर्वांना सारखा झाला. रयतेच्या दृष्टीने ह्यात मोठा अर्थ होता. मोजणाऱ्याच्या हाताच्या लांबीवर सारा अवलंबून असता, तर लांब हाताच्या आणि आखूड हाताच्या कारकुनांत गावाचे भवितव्य हेलकावत राहिले असते. पुढे इंग्रजी अमदानीत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने साखळ्या व कोनमापक यंत्रे घेऊन मद्रासपासून उत्तरेकडे वाटचाल केली. त्या कार्याचा प्रवर्तक विल्यम लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्या पद्धतीत मानवी पावलाला मुळी स्थानच नव्हते. पाऊल मोजमापातून आता कायमचे हद्दपार झाले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. उत्तरेस हिमालयापलीकडे तिबेट होता, आणि त्याची दारे परकीयांना बंद होती. तेथे साखळी नेता येत नव्हती, चाक नेता येत नव्हते, मोठे कोनमापक यंत्र तर दूरच राहिले. नेता येण्यासारखे एकच माप उरले होते, ते म्हणजे चालणाऱ्याचे पाऊल. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी ह्याने ही गोष्ट ओळखली आणि कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत व त्यांचे चुलतबंधू मानीसिंह ह्यांना डेहराडून येथे तयार करण्यास आरंभ केला.

ह्या शिक्षणाचा मुख्य भाग म्हणजे चालणे. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पावलाची लांबी एकच राहिली पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल भरे. मोजणी चुकू नये म्हणून जपमाळेची योजना होती. जपमाळेत एकशेआठ मणी असतात. नैनसिंहांच्या माळेत शंभरच होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्र लिहिलेल्या कागदाऐवजी दिशांच्या व अंतरांच्या नोंदी ठेवलेल्या असत. वाटेत कोणी बोलण्यास जवळ येऊ लागला की चक्र फिरवीत जप चालू करावयाचा. जपात गढलेल्या यात्रेकरूला कोणी हटकत नसे, आणि मोजणी अखंड राही. काठीत उष्णतामापक दडविलेला होता. पाणी किती उष्णतेवर उकळते ते पाहून त्यावरून उंची काढावयाची. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट होते आणि कवडीत पारा भरून नेला होता. रात्री त्या पाऱ्याच्या क्षितिजसमांतर आरशात तारा पाहून अक्षांश काढावयाचा.

१८६५ मध्ये नैनसिंह काठमांडूहून निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचले. परतीच्या वाटेवर त्यांनी त्सांगपो नदीच्या काठाकाठाने मोठी मजल मारली. साऱ्या प्रवासात बाराशे मैलांच्या आसपास अंतर पावलांनी मोजले गेले. पावलांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात जाते. ल्हासाचा अक्षांश त्यांच्या निरीक्षणांवरून २९ अंश ३९ कला आणि काही विकला असा निघाला, आणि आजच्या नकाशातही तो २९ अंश ३९ कलांच्या आसपासच आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले, आणि भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्याच कुटुंबातील किशनसिंह ह्यांनी १८७८ ते १८८२ ह्या काळात तिबेटचा आणखी दीर्घ प्रवास केला. लुटारूंच्या भयाने काही वाट घोड्यावरून काटणे त्यांना भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या पावलांची गणती चालू ठेवली.

ह्या कथेतील धैर्य व कष्ट ह्यांचे वर्णन अनेकांनी केले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरीच एक बाजू महत्त्वाची आहे. नैनसिंहांचा आकडा विश्वसनीय का ठरला? त्यांनी पावले अचूक मोजली, एवढेच उत्तर पुरेसे नाही. मोजणीपूर्वी पाऊल म्हणजे काय हे निश्चित झालेले होते, हे पहिले कारण. आणि त्याहून मोठे कारण असे की, पावलांचा हिशेब एकटा सोडलेला नव्हता. दोन ठिकाणांचे अक्षांश ताऱ्यांवरून कळले की उत्तर-दक्षिण अंतर पावलांवाचूनही काढता येते. मग ते आणि पावलांचे अंतर समोरासमोर ठेवून माँटगोमेरीच्या कचेरीत पावलाची लांबी पडताळता येई. पायाने सांगितलेली गोष्ट आकाशाकडून तपासून घेतली जात असे. अकबराच्या बांबूंवर तपासनीस होते, नैनसिंहांच्या माळेवर तारे होते.

तपासणी नसेल तर काय होते ह्याचा एक सुंदर दाखला त्याआधीच्या शतकात सापडतो. खिशातील घड्याळासारखी पावले मोजणारी यंत्रे अठराव्या शतकात युरोपात तयार होऊ लागली होती, आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन ह्यांना त्यांचा मोठा षोक होता. त्यांनी आपल्याच चालण्याची मोजणी करून पाहिली. उन्हाळ्यात सावकाश चालताना मैलाला दोन हजारांहून अधिक, नेमके सांगायचे तर सुमारे २,०६६ पावले पडत. हिवाळ्यात झपाट्याने चालताना तोच मैल १,७३५ पावलांत संपे. माणूस एक, मैल एक, आणि फरक तीनशेहून अधिक पावलांचा. म्हणजे यंत्राने एकही पाऊल चुकविले नाही असे धरले तरी पावलांवरून अंतर काढणारा मनुष्य ऋतुमानाप्रमाणे फसू शकतो.

नैनसिंह काठमांडूहून निघाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये कमरेला लावण्याचे एक पदमापक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर व्यायामाची हौस वाढलेली होती, आणि दहा हजार ही भरघोस, लक्षात राहणारी संख्या होती. माळेच्या एका फेऱ्याचीही तीच संख्या होती, हा केवळ योगायोग. पण त्या दोन दहा हजारांत मोठे अंतर आहे. माळेतील दहा हजार हे मोजणीच्या सोयीसाठी होते. जपानी यंत्रावरील दहा हजार हे लोकांपुढे ठेवलेले ध्येय झाले, आणि जगभर ते वैद्यकीय सिद्धान्त असल्याप्रमाणे रूढ झाले. २०१९ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या निरीक्षणावर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युमान सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे अधिक लाभ दिसेनासा झाला. दहा हजारांच्या आकड्यात दैवी असे काही नव्हते.

जपान्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मात्र अनुकरणीय आहे. पदमापक यंत्राची चूक शंभर पावलांत तीनपेक्षा अधिक असता कामा नये, असे त्यांनी आपल्या औद्योगिक मानकात नमूद केले. यंत्र विकायचे तर त्याने किती चुकावे ह्याची मर्यादा आधी सांगावी, हा त्यामागचा न्याय होय.

आता मनगटावरील घड्याळाकडे वळू. सर्वसामान्य समजूत अशी की हे यंत्र आपली पावले मोजते. वस्तुतः त्याला पाऊल दिसत नाही, जमीन दिसत नाही, पायही ठाऊक नसतो. त्यात सिलिकॉनच्या सूक्ष्म तुकड्यावर कोरलेला त्वरणमापक असतो. मनगट हलले की त्यातील अतिसूक्ष्म वस्तुमान डळमळते, आणि ती डळमळ तीन दिशांत सेकंदाला अनेक वेळा नोंदली जाते. चालताना हात लयीत हलतात. त्या लयीवरून यंत्र अनुमान करते की पाऊल पडले असावे. नैनसिंह मोजणी करीत होते. हे घड्याळ तर्क करते.

तर्क म्हटला की त्याच्या मर्यादा आल्या. सपाट रस्त्यावर झपाट्याने, हात मोकळे सोडून चालणाऱ्याच्या बाबतीत हा तर्क पुष्कळसा बरोबर उतरतो. परंतु मनुष्य वृद्ध असेल, पाय घासत सावकाश चालत असेल, तर हालचाल इतकी मंद असते की यंत्र ती सोडून देते. हात खिशात असेल, कारखान्यात ढकलगाडीच्या दांड्यावर असेल, बाळगाडीवर असेल, तर पाय चालतात पण मनगट स्थिर राहते. उलट खडबडीत रस्त्यावरील वाहनाचे हादरे पावलांत जमा होऊ शकतात. खोट्या हालचालींना फसू नये म्हणून बहुतेक यंत्रे काही पावले सलग पडल्याखेरीज मोजणीस आरंभच करीत नाहीत. ह्या शहाणपणाची किंमत कोण देते पाहा. ओट्यापासून मोरीपर्यंत तीन पावले, मोरीपासून फडताळापर्यंत चार पावले, असे दिवसभर चालणाऱ्या गृहिणीची कितीतरी पावले हिशेबातून गळू शकतात. पंढरीच्या वाटेवर टाळ वाजवीत चालणाऱ्या वारकऱ्याच्या मनगटावर हे घड्याळ बांधले, तर ते पावले मोजील की टाळाचे ठेके मोजील, हे सांगणे कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल की शतपावलीत चार पावले इकडेतिकडे झाली तर बिघडले काय? आक्षेप योग्य आहे. स्वतःच्या आरोग्यासाठी घड्याळ बांधणाऱ्याला चूक फारशी नडत नाही. यंत्र रोज सारखेच चुकत असेल, तर कालच्यापेक्षा आज अधिक चाललो की कमी, हे त्याला कळतेच. हिरवे पान वाळेपर्यंत चालणाऱ्या वाटसरूसारखी त्याची स्थिती आहे; त्याच्यापुरते माप खरे आहे.

प्रश्न उभा राहतो तो आकडा दुसऱ्याच्या दप्तरात गेल्यावर. आरोग्यविम्यात अधिक चालणाऱ्याला सवलत देण्याच्या योजना आपल्या देशात आल्या आहेत, आणि विमा नियामक मंडळाने २०२० मध्ये अशा सवलतींविषयी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. तेथे सावकाश चालणाऱ्या वृद्धाची न मोजलेली पावले म्हणजे न मिळालेले पैसे होत. नागपूर, चंडीगढ अशा नगरांत सफाई कामगारांच्या मनगटांवर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधण्यात आली. ती पावलांची नव्हती, स्थानाची होती. तरी तत्त्व एकच आहे. मनगटावरील यंत्र आता मालकाच्या वतीने बोलू लागले आहे, आणि चंडीगढमध्ये कामगारांनी त्याविरुद्ध आवाजही उठविला. ज्यांचे सारे आयुष्य पायांवर चालते, त्यांच्याच पावलांचा हिशेब सदोष यंत्राकडे जावा आणि त्या हिशेबावर दाद मागण्याची जागा नसावी, हे न्यायाला धरून नाही.

प्रशासनाच्या इतिहासाचा येथे काही उपयोग होण्यासारखा आहे. जेव्हा जेव्हा मापावर सारा, मजुरी किंवा शिक्षा अवलंबून राहिली, तेव्हा शहाण्या राज्यकर्त्यांनी माप व्यक्तीच्या हातून काढून सर्वांसमक्ष ठेवले आणि त्यावर तपासणी बसविली. पाच हात पाच मुठींची काठी, कोसाकोसाचा मिनार, टॅक्सीच्या मीटरवरील शिक्का ही सारी ह्या एकाच विचाराची रूपे आहेत. पावले मोजणाऱ्या यंत्राबाबतही तेच करावे लागेल. ज्या आकड्यावर पैसा अथवा नोकरी ठरते, त्या आकड्याची चूक किती असू शकते हे यंत्र बनविणाऱ्याने सांगितले पाहिजे. ती चूक केवळ तरुण, धडधाकट माणसाच्या चालीवर नव्हे, तर काठी टेकत चालणाऱ्याच्या आणि ओझे ढकलणाऱ्याच्या चालीवरही तपासली गेली पाहिजे. आणि ज्याची पावले आहेत त्याला तो हिशेब पाहण्याचा व त्यावर हरकत घेण्याचा अधिकार असला पाहिजे. जेथे पैसा अथवा नोकरी ठरत नाही, तेथे खुशाल शतपावलीचा नियम चालू द्यावा आणि आकड्याकडे न पाहता अंगणात आणखी एक फेरी घालावी.